काळ्या वेलीचा धाक

आमच्या सोसायटीत बोललं जायचं की दुसऱ्या मजल्यावरच्या महादेवनानांनी आतल्या खोलीत एक बाई आणून ठेवली आहे.

पुरावे तसे भक्कम होते. नानांची लेक मनस्वी नोकरीसाठी कोचीला गेली, तेव्हापासून तिच्या खोलीचं दार कायम बंद. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. तिन्हीसांजा झाल्या की खिडकीतून जांभळा उजेड. आणि नानांचा आवाज! एरवी पार्किंगमध्ये बोलले तर गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका दचकतात असा तो आवाज. त्या दाराआडून मात्र लोण्यासारखा यायचा. "पी बाय, पी. सावकाश. आज लय गरम होतंय ना? पंखा नको, तुना वारा बाधतो."

आणि हे सगळं रंभावहिनी, म्हणजे त्यांची लग्नाची बायको, शेजारच्या स्वयंपाकघरात कालवण ढवळत असताना. पहिल्या मजल्यावरच्या अरुंधतीबाई तर रंभावहिनींकडे इतक्या दयेनं बघायला लागल्या की वहिनींना वाटलं आपला ब्लाऊज कुठे उसवलाय.

ही अफवा मी उठवलेली नाही. माझ्याकडे आली तेव्हा ती बाई मध्यमवयीन होती, माझ्याकडून पुढे गेली तेव्हा पंचविशीची झाली होती, एवढाच काय तो माझा हात. पण मी नानांच्या समोरच्या दारात राहते. त्यामुळे खरं काय ते सांगण्याचा मानही माझाच. खोलीत बाई नव्हती. वेल होती.

आता वेल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गॅलरीच्या गजांवर चढलेला मनीप्लांट येईल. तसं नाही. हिचं नाव फिलोडेंड्रॉन मेलॅनोक्रायसम. मनस्वी हे नाव शेंगदाणा खाल्ल्यासारखं सहज घेते, नाना पहिल्या दोन अक्षरांनंतर खोकतात. ही मूळची कोलंबियाच्या जंगलातली, मोठ्या झाडांच्या बुंध्यांना धरून वर चढणारी. नवं पान उलगडतं तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखं चमकतं, आणि मोठं होत होत काळपट हिरव्या मखमलीचं होतं, त्यावर फिकट शिरा. हात लावला तर खरंच मखमल. हिला ऊन नको, वारा नको, कोरडी हवा नको. म्हणून शेवाळ गुंडाळलेला उभा खांब, त्यावर ही चढलेली. बाजूला वाफ सोडणारं छोटं यंत्र, वर झाडांसाठीचा जांभळा दिवा, आणि दमटपणा बाहेर जाऊ नये म्हणून बंद दार नि ओला टॉवेल. झालं, बाईचं प्रकरण मिटलं. अरुंधतीबाई अजून मला याबद्दल क्षमा करायला तयार नाहीत.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणते खरी, पण त्या दिवसांत मला स्वतःला रात्रीचं जेवण जात नव्हतं.

आधी नाना म्हणजे काय चीज आहे ते सांगते. उरणकडच्या एका गावात यांच्या घराण्याची मिठागरं होती. घराभोवती माड, पुढे मिठाची आगरं, पलीकडे खाडी. आगरं गेली, जमीन गेली, घराच्या जागी आता कंटेनर उभे असतात. नाना पनवेलला आले नि कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायला लागले. आता ती क्रेन त्यांची स्वतःची आहे. लोखंडी पत्र्याची गुंडाळी, जिच्याखाली माणूस आला तर त्याचा पापड होईल, ती हे साखळीला टांगून तंबाखू मळत इकडून तिकडे नेतात. मी एकदा विचारलं, "नाना, साखळी तुटली तर?" म्हणाले, "मंग खाली नाय उभं राहायचं."

पार्किंगमध्ये घोणस निघाली होती, तेव्हा सगळे पुरुष गच्चीवर गेले होते. सापवाल्याला फोन करायला. फोन खालूनही लागतो, पण असो. नाना एकटे खाली उभे, आणि सापवाला येईपर्यंत त्या घोणशीवर नजर ठेवून तिला दम देत होते. "हलू नको. गप बस." ती खरंच गप बसली.

तर असा हा माणूस. आणि मग त्याच्या घरात भीती शिरली, ती मनस्वीच्या लग्नाच्या निमित्तानं.

ही गोष्ट ती कोचीला जायच्या आधीची. लग्न ठरलं होतं. हॉल, आचारी, बँड सगळं झालं होतं. मुलाकडच्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. कारण काय दिलं ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही, कारण ते कारणच नव्हतं. मनस्वी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, रडेल आणि बाहेर येईल. ती रडलीच नाही. तीच गोष्ट वाईट होती. दाराशी ठेवलेलं ताट जसंच्या तसं परत यायचं. नोकरी सुटली. मैत्रिणी यायच्या नि बंद दाराशी बोलून जायच्या. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. आणि नाना कळंबोलीहून आले की हातपाय न धुता त्या दाराला पाठ लावून फरशीवर बसायचे. मी दोनदा तीनदा बघितलं त्यांना. हा एवढा मिशांचा गडी, आणि आतून कॉट करकरल्याचा जरी आवाज आला तरी चेहऱ्यावर असा आनंद की बघवायचं नाही. कॉट करकरली म्हणजे पोर आहे.

मग तिच्या खारघरच्या मैत्रिणीनं, अनुयानं, एक पुडकं पाठवलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेला बोटभर खोडाचा तुकडा, त्याला एकुलतं एक पान. सोबत निरोप, "हिला रोज बघावं लागतं, नाहीतर मरेल." त्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि मनस्वीनं विचारलं, "आई, एखादी रिकामी स्प्रेची बाटली आहे का गं?" रंभावहिनींनी काचा पुसायच्या औषधाची भरलेली बाटली मोरीत ओतली आणि धुऊन तिच्या हातात दिली. वर मला म्हणाल्या, "वयनी, ती बाटली चांदीची आसती तरी दिली आसती."

वेलीला पान आलं, मनस्वी न्हाली. आणखी एक आलं, ती जेवायला टेबलाशी बसली. खांब आणायला ती स्वतः बाहेर पडली. डॉक्टर म्हणाले औषधं लागू पडली. रंभावहिनी म्हणाल्या, वेळ लागतो, पण माणूस सावरतं. नानांना यातलं काही पटलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच बसलं. मला म्हणाले, "वयनी, माजी पोर त्या वेलीला धरून बाहेर आली. वेल तुटली त पोर परत आत."

मी म्हटलं, "नाना, असं कुठे असतं का?"

"तुमाला म्हाईत नाय," म्हणाले, आणि विषय संपवला.

मग मनस्वीला कोचीला नोकरी लागली आणि जाताना ती वेल याच नानांकडे ठेवून गेली. ती नेणार कशी? खांबासकट पुरुषभर उंच झाली होती. पाणी कधी, किती, कुठलं, सगळं तिनं समजावलं. "आणि बाबा, बाकी काही करू नका हां. काहीच नाही. खतबित काही नाही." नानांनी मान हलवली. पावसाळाभर सगळं नीट चाललं. दर रविवारी मनस्वीचा व्हिडिओ कॉल यायचा, नाना फोन वेलीपुढे धरायचे, बापलेक नवं पान बघून खूश. मी समोरून ऐकायचे.

दिवाळी झाली आणि पान येणं थांबलं.

आता हवा गार नि कोरडी झाली की ही झाडं सुस्तावतात. हे मनस्वीला ठाऊक होतं, ती सहज म्हणायची, "नसेल येत, थंडी आहे ना." पण नानांना त्यात दुसरंच ऐकू यायचं. तिचा आवाज जरा खालचा वाटतोय का? ती हसली ते नेहमीसारखं होतं का? रविवारी फोन ठेवला की ते रंभावहिनींना विचारायचे, "बारीक झालीय का ती?" सोमवारी मला विचारायचे. मंगळवारी लिफ्टमध्ये अरुंधतीबाईंनाही विचारलं, त्यांनी तर मनस्वीला महिनोन् महिने बघितलेलंच नव्हतं.

आणि मग एक दिवस वेलीच्या पानांच्या कडा करपल्या. आधी खालच्या पानाची कड, कागद जळावा तशी तपकिरी. मग त्याच्या वरच्या पानाची. मग मखमल मऊ पडून लोंबायला लागली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की नानांनी रविवारचा व्हिडिओ बंद केला. "नेट नाय चालत, बाय, फोटो पाठवतो." आणि नाना जुने फोटो पाठवायला लागले.

एका रविवारी मनस्वीनं विचारलं, "बाबा, खिडकीत आकाशकंदील दिसतोय. अजून काढला नाहीत?"

दिवाळी होऊन किती तरी काळ लोटला होता. फोटो दिवाळीचा होता. नाना म्हणाले, "राहिला काढायचा." आणि फोन ठेवून, माळ्यावर चढून, कागदात बांधून ठेवलेला कंदील खाली काढून परत खिडकीत टांगला. हो, खरंच टांगला. म्हणजे पोरीनं पुढच्या वेळी विचारलं तर खोटं पडायला नको.

आता मला सांगा, नानांच्या खिडकीत डिसेंबर संपत आला असताना आकाशकंदील लागतो, तेव्हा मी घरात बसणार? मी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं गेले. घरात साखर डबा भरून होती.

नाना त्या खोलीत होते, दार लोटलेलं. मी "नाना, यंदा दोन दिवाळ्या का?" म्हणत आत शिरले. वेल अशी दिसत होती की आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखं वाटलं. नाना स्टुलावर बसून ओल्या कापडानं एक एक पान पुसत होते. डोळे लाल.

"नजर लागली हिला," म्हणाले.

मी वाकून बघितलं. कुंडीत वर पांढरी खपली आली होती, बारीक कणांची. मला बघितल्यावर हात न लावता राहवत नाही, आणि हात लावला की चाखल्याशिवाय. मी बोट जिभेला लावलं.

"नाना, हे मीठ आहे."

"हाय ना," नाना म्हणाले. "खडं मीठ. आमच्या भावकीतल्या आगरावरचं. चांगलं हाय."

"तुम्ही घातलंत?"

"पान येत नव्हतं. बापूस पावसाच्या तोंडावर प्रत्येक माडाच्या बुडाशी पसाभर मीठ घालायचा. रुसलेला माड बी नारल धरायचा. आमच्यात सगलेच घालतान." एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी काही बोलले नव्हते, पण माझा चेहरा माझ्या तोंडापेक्षा जास्त बोलतो, असं आमचे हे म्हणतात.

"वयनी, हा माड नाय," नाना स्वतःच म्हणाले.

आणि ते स्टुलावरून उठले नाहीत, घसरले. भिंतीला पाठ लावून खाली आले. "मना वाटलं ती भुकेली हाय."

रंभावहिनी आवाज ऐकून आल्या, कुंडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "पोरीच्या वेलीला मीठ घातलंत? लोणचं घालायचं होतं काय?" मग त्यांच्याही लक्षात आलं की हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण नानांचे हात कुंडीतलं मीठ कण कण वेचायला लागले होते. लोखंडाच्या गुंडाळ्या हलवणारे हात.

कुंडी मोरीत नेली. नानांनी उचलली, खांबासकट, मूल उचलावं तशी. मीठ धुऊन काढायचं म्हणून पाणी ओतायचं, खालून निथळू द्यायचं, परत ओतायचं. तेही नळाचं नको, प्यायचं पाणी, असा नानांचा हट्ट. मीठ गेलं की नाही ते कळणार कसं? रंभावहिनी मला म्हणाल्या, "वयनी, चाखा. तुमची जीभ दिवसभर चालतेच, जरा कामाला लावा." मी त्या मोरीत उकिडवी बसून कुंडीखालून निथळणारं पाणी बोटानं चाखत होते. खारट. कमी खारट. अळणी. या सोसायटीसाठी मी काय काय केलं आहे, याची कुणाला कल्पना नाही.

पण उशीर झाला होता. मुळं करपली होती. मातीलगत खोड मऊ झालं आणि काळं पडलं. नानांनी काळ्याच्या वरच्या कडेला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरा काळ्यात बुडालेला. त्यांनी वर आणखी एक बांधला. तोही बुडाला. वेल खांबावर चढायची ती थांबली होती, आणि आता तिच्या अंगावरून हे काळं चढत होतं. रोज सकाळी मी दार उघडायचे, नाना समोर उभे. त्यांनी तोंडानं काही सांगायची गरज नसायची. चेहऱ्यावरून कळायचं, आज किती वर गेलं.

क्रेन कळंबोलीला उभी होती. लोकांचे फोन यायचे, ते घ्यायचे नाहीत. फक्त एका नंबराची घंटा वेगळी ठेवली होती, ती वाजली की अंग चोरायचे.

अनुयाला विचारायची सोय नव्हती, त्याच क्षणी कोचीला कळलं असतं. मग आम्ही तिघांनी फोनवर एक इंग्रजी व्हिडिओ बघितला, मी अर्थ सांगत होते. उपाय एकच. काळं पोचलं नाही तिथे वेल कापायची. प्रत्येक तुकड्याला एक पेर हवं आणि त्या पेरातून सुटलेलं हवेतलं मूळ हवं. तुकडे ओल्या शेवाळात, पारदर्शक डब्यात, झाकण लावून. जगले तर जगले.

"कापायचं म्हंजे मारायचंच ना," नाना म्हणाले.

"नाही कापलं तर मरणारच आहे, नाना."

"आज नको. उद्या बघू. आज तेवढं वर गेलं नाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हा माणूस भीतीनं थांबला होता, आणि तो थांबला म्हणून भीती खरी होत चालली होती. मला हे दिसत होतं. मी नुसती पोहे करून देत होते, नाना ते खात नव्हते.

मग फोन आला. वेगळी घंटा. "बाबा, रजा मिळाली. शनिवारी पोचते. आईला सांगा, बोंबील आणून ठेव."

नाना "बरं बाय" म्हणाले. फोन खिशात ठेवायला गेले, खिसा सापडेना.

रंभावहिनींनी विळी बाजूला सारली, हात धुतले, नवीन ब्लेड आणलं, ते उकळत्या पाण्यात बुडवलं आणि नवऱ्याच्या पुढे धरलं. "घ्या."

"माज्यानं होनार नाय."

"तुमी भिताव तवर काला वर चढतो. शनिवारी ती आली नि कापायला बी काय उरलं नाय, त तिला काय सांगाल? मी भ्यालो होतो?"

नानांनी ब्लेड घेतलं. रंभावहिनींनी वेलीचा वरचा भाग दोन्ही हातांत धरला, बाळंतिणीला सांभाळावं तसा. मी शेवाळाचं ताट धरून उभी. नाना काही तरी पुटपुटले, देवाचं होतं की वेलीची माफी मागितली, मला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू येत नाही असं फार क्वचित होतं. कापलं. कापाच्या आत मधोमध तपकिरी कडं होतं. म्हणजे काळं आतून आणखी वर गेलेलं. त्यांनी डोळे मिटले. रंभावहिनी म्हणाल्या, "वर काप." त्या वेळी त्या नवऱ्याला अरेतुरे करत होत्या, दोघांच्याही लक्षात आलं नाही. दुसरा काप. तिथेही कडं, पण पुसट. तिसऱ्या कापाला आतून स्वच्छ हिरवं निघालं, रसानं भरलेलं. नानांनी श्वास सोडला तो खालच्या मजल्यावर गेला असेल.

पुरुषभर वेलीतून तीन तुकडे हाती लागले. केकच्या पारदर्शक डब्यात शेवाळ घालून ते ठेवले. खांब तसाच उभा राहिला, लाल दोऱ्यांसकट. तो काढायचा धीर कुणाला झाला नाही. शुक्रवारपर्यंत एक तुकडा सडला. दोन राहिले. त्यांना मूळ फुटणार की नाही, ते इतक्यात कळणारच नव्हतं.

शनिवारी मनस्वी आली. जिन्यातच मला म्हणाली, "काकू, तब्येत भरलीय हां!" चेहरा उजळ, केस कापलेले. मी मनात म्हटलं, हिला काय झालंय? काही नाही झालेलं. पण नाना दारात उभे होते, त्यांनी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, मला आधी म्हणून दाखवलं होतं. ते वाक्य तोंडातून निघायच्या आत ती चपला काढता काढता म्हणाली, "आधी वेल बघू," आणि खोलीत गेली.

दार लागलं.

आतून काही आवाज नाही. रंभावहिनींच्या कढईत बोंबील होते, त्यांनी गॅस बंद केला. टीव्हीवर कुणाचं तरी भांडण चाललं होतं. नानांनी रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि त्यांची तोंडं नुसती हलत ठेवली. मग ते दाराला पाठ लावून फरशीवर बसले. पूर्वी बसायचे तिथेच. मान जरा तिरकी, कान लाकडाला. मी उंबऱ्यात उभी होते, मला घरी जायला हवं होतं, पाय निघेना. कॉटचासुद्धा आवाज नव्हता. रंभावहिनी झारा हातात धरून नवऱ्याकडे बघत होत्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही बाई इतके दिवस टोमणे मारत होती ती काय झाकायला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. दार आतून ओढलं गेलं आणि नाना पाठीवर पडता पडता वाचले.

"ओला टॉवेल कुठाय इथला?" मनस्वी म्हणाली. "दार उघडं राहिलं की दमटपणा जातो ना, म्हणून लावलं. त्या तुकड्यांना आत्ताच तर लागतो." हाताला शेवाळ लागलेलं. डोळे सुजलेले, नाक लाल.

नानांनी खाली बसूनच सांगितलं, "मी मीठ घातलं, बाय."

"मीठ?"

"माडाला घालतो तसं."

तिनं बापाकडे बघितलं, मग खिडकीकडे. "आणि कंदील?"

"तो बी मीच."

ती हसली, आणि हसता हसता परत रडली. वेलीसाठी रडली, नीट, मन लावून. तिनं बोटभर तुकड्यापासून वाढवलेली होती ती. रंभावहिनींनी थांबवलं नाही. मग ती हात धुऊन जेवायला बसली आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मला जेवायला थांबवून घेतलं होतं, म्हणजे मी थांबले होते.

जेवताना तिनं विचारलं, "बाबा, वेल मेली तर मी परत खोलीत जाऊन बसेन असं वाटलं तुम्हाला?"

"नाय."

"खोटं बोलतान," रंभावहिनी म्हणाल्या.

मनस्वी बोंबलाचा काटा काढत होती. "मलाही वाटायचं तसं. आता नाही वाटत. कधी कधी वाटतं. तेव्हा मी अनुयाला फोन करते. तुम्हाला नाही करत, तुम्ही कंदील टांगत बसाल."

नानांनी मान खाली घालून जेवण संपवलं. जाताना तिनं एक तुकडा डब्यात घालून कोचीला नेला, दुसरा नानांकडे ठेवला. म्हणाली, "बाबा, हा तुमचा. मेला तरी मला खरं सांगायचं." तिच्याकडच्या तुकड्याला आता मुळाचं पांढरं टोक फुटलंय, फोटो मीही बघितला. नानांकडच्याचं अजून काही सांगता येत नाही.

परवा मी बघितलं, नाना परत त्या खोलीच्या दाराशी वाकून फटीत ओला टॉवेल सारत होते. पोर कोचीला, हसत गेलेली, आणि हे इकडे वाकून कान लावल्यासारखे. मला राहवलं नाही. माझ्या घरात माझी दोन कार्टी आपापल्या खोल्यांत दारं लावून बसलेली असतात, मी त्यांना जेवायला तरी हाक मारते का? त्यांना भूक लागली की येतील. मी म्हटलं, "नाना, आता पुरे की. एवढा मोठा माणूस आणि एका पानाला घाबरता? कसली ही भीती?"

नाना सावकाश उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "वयनी, तुमची पोरा खोलीचं दार लावतान, तवा तुमी टीव्हीचा आवाज वाढवता. मी आमचा कमी करतो."